अठराव्या जागेची चिठ्ठी

कामठी, ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. गोपिकेस चंपतभाऊचे अनेक आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? जावईबापू मधुकररावांनी आणलेलं तेल लावून राहिली की नुसती बाटलीकडे पाहून राहिली? इकडे हॉकी क्लबाचं रडगाणं तेच. लीगवाले म्हणतात यंदा अठराच पोरं चालतील. आपले आहेत एकोणीस. सतरा पक्के झाले, दोघं उरले, जागा एक. म्हणजे बाबांनी क्लब काढताना ठरवलं तसं, ग्राउंडवर न येणाऱ्या घरच्या माणसाची, तुझी, चिठ्ठी पायजे.

बाबांचा नियम तुले पाठ आहे, तरी लिहितो, कारण यंदा तुझा रोहित त्या दोघांत आहे. मामाले शिव्या घालायच्या असतील तर घालून घे. नाव लिहायचं नाही. यादी लागेपर्यंत फोन करायचा नाही, आवाजातून नाव कळते. मी दोघांचा खेळ लिहीन. रोहित क्लबात आला तेव्हापासून दोन वर्षांत तू ग्राउंडवर आली नाही, म्हणून तुले ओळखू येणार नाही, आणि तू म्हणशील तोच राहीन. पाकीट मी पोरांसमोरच फोडीन आणि चिठ्ठी वाचीन. एकदा काढलं की परत घ्यायचं नाही. बाबांनी मलेही घेतलं नव्हतं.

दोघंही मागच्या फळीतले, तिशीले टेकलेले.

पहिला गळा फाटेस्तोवर ओरडते. स्वतः चुकते आणि दुसऱ्याच्या नावानं बोंब मारते. फटका जबरदस्त, पण कुठं जाईन ते त्यालेही माहीत नसते.

दुसरा बॉल साफ थांबवते, पण तोंडातून शब्द काढत नाही, पास मागत नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याचा दम तुटते. अंगावर बॉल आला की पाय मागे घेते.

नीट विचार कर. बहिणीवरचा लोभ या कागदानं कमी होणार नाही, तूही होऊ देऊ नको.

तुझा,
चंपतभाऊ

मनीषनगर, ८ नोव्हेंबर २०२५

ती. चंपतभाऊस गोपिकेचा शि. सा. न. वि. वि.

काय गा भाऊ, सख्ख्या भाच्याले उंबरठ्यावर उभं केलं! तुझं पत्र चारदा वाचलं. वरण उतू गेलं तरी कळलं नाही. ह्यांनी विचारलं की काय आलं आहे एवढं, तर मी सांगितलं, वहिनीनं लोणच्याची कृती पाठवली.

रोहितचं तुले काय सांगू? दुकानातलं काम सुटल्यापासून त्याच्याजवळ सकाळी उठायले ग्राउंडशिवाय कारण नाही. मनीषनगरहून कामठी, दोन बस बदलून जाते पोरगा. घरी आला की भाजीवर ओरडते, पंख्यावर ओरडते, माझ्यावर तर रोजच. खेळ कसा झाला विचारलं की खेकसते. तेवढंही गेलं तर तो पलंगावरून उठणार नाही, भाऊ, मले खरंच भीती वाटते.

पण मी काही ओळखायच्या फंदात पडली नाही. बाबांची शपथ. जे योग्य वाटलं ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. तो मोठ्यानं वाच, मागच्यालेही ऐकू गेलं पायजे.

वहिनीले नमस्कार. माया असू दे.

तुझी,
गोपिका

(वेगळा कागद)

पहिल्याले ठेवा. ओरडणाऱ्या माणसाच्या अंगात अजून जीव असते. मागच्या फळीत मुका काय कामाचा? त्याच्या मागं गोल आहे हे तरी त्याले माहीत आहे का? आणि पाय मागे घेणाऱ्याले तर त्याच्या आईनंच आधी घरी बसवायले पायजे होतं. दुसऱ्याले सोडा.

कामठी, १३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. गोपिकेस आशीर्वाद.

कसं लिहू वं? काल पाकीट पोरांसमोर फोडलं. वेगळा कागद वर होता, तो वाचला. तू सांगितलं तसा मोठ्यानं वाचला. अर्ध्यावर आलो तेव्हा थांबायले पायजे होतं, पण एकोणीस पोरं पाहून राहिली होती. दुसरा म्हणजे आपला रोहित.

तुझं पत्र मी नंतर घरी येऊन वाचलं. भाजीवर ओरडते, पंख्यावर ओरडते, हे वाचलं आणि तू काय केलं ते ध्यानात आलं. अवं, घरी ओरडणारा पोरगा ग्राउंडवर तोंड उघडत नाही. दोन वर्षांत मी त्याचा आवाज ऐकला नाही. तू शपथ मोडली म्हणून मी रागावणार होतो, पण कोणत्या तोंडानं? भाच्याबद्दल लिहायचं, लोकं पक्षपात म्हणतील, म्हणून मीही हात जड ठेवला, दोष वाढवून लिहिले. पाय त्यानं दोनदाच मागे घेतला होता. मले स्वतःले तोच पायजे होता.

त्यानं जर्सी तिथंच काढली, घडी केली, माझ्या हातात दिली. बनियनवरच बसस्टॉपकडे गेला. मी हाक मारली नाही. तू म्हणशील तर मी क्लबाची बैठक बोलावतो आणि खरं सांगतो. लवकर कळव.

तुझा अपराधी,
चंपतभाऊ

मनीषनगर, १७ नोव्हेंबर २०२५

ती. चंपतभाऊस नमस्कार.

बैठक बोलावू नको.

तो त्या दिवशी घरी आला आणि ताट वाढायले सांगितलं. भाजीत मीठ नव्हतं, मी घालायलेच विसरली होती. तशीच खाऊन टाकली. मग विचारलं की आई, चिठ्ठी लिहिताना तुले ठाऊक होतं का दुसरा मी आहे म्हणून.

भाऊ, मी काय सांगू त्याले? तुले वाचवायले मी तुझ्या आजोबाची शपथ मोडली आणि तुलेच ओळखलं नाही, असं? एकोणतीस वर्षं ज्याले जेवू घातलं त्याचा खेळ माझ्यासमोर लिहून आला, आणि मले तो कोण्या दुसरीचा वाटला.

मी हो म्हटलं. ठाऊक होतं म्हटलं.

 तो म्हणाला की बरोबर लिहिलं, आजोबा असते तर त्यांनीही हेच लिहिलं असतं. आणि ताट उचलून धुवायले गेला. आजवर कधी धुतलं नव्हतं. तेव्हापासून सकाळी उठत नाही. पंखा खडखड करून राहिला आहे, त्याच्यावरही ओरडत नाही. हे म्हणतात, पोरगा सुधारला.

तू त्याले कधीच काही सांगू नको, तुले माझी आण आहे. आणि यापुढं यादीसाठी मले पत्र पाठवू नको. बहीण म्हणून पाठवलं तर वाचीन.

तुझी,
गोपिका