आधी बोट धुवायची

पोर्थलन, मंगळवार

बाबा आणि आई,
दोघांना तुमच्या इंगाचं खूप खूप प्रेम.

मी बरी आहे. खोली कोरडी आहे, आईने विणलेला स्वेटर रोज घालते. बाबा, गुडघा कसा आहे? की अजून जिन्यात दोनदा थांबता?

रविवारी बचाव पथकाचा पेजर वाजला तेव्हा केंद्रावर मी तिसरी पोचले, म्हणून तिघांच्या रबरी बोटीत मला जागा मिळाली. खडकावर मासे धरणाऱ्या एकाला लाटेने ओढून नेलं होतं. आम्ही त्याला आणलं, पण उशीर झाला होता.

त्याची बायको धक्क्यावर उभी होती, आमच्याकडेच बघत. मी खाली मान घालून बोट धुवायला घेतली. गोडं पाणी मारलं, इंधन भरलं, दोऱ्या गुंडाळल्या, मग पुसत बसले. बोट चालवणारी ग्वेनो शेवटी म्हणाली, "बास कर गं बाई, रंग काढशील तिचा!"

बाबा, बचाव बोटीवर असताना आपल्या एरलंडचा देह तुम्हीच समुद्रातून काढलात, आणि घरी सांगायला दीड तासाने आलात. आधी बोट धुतलीत हे कळल्यावर मी ओरडले होते, "पोटच्या पोरापेक्षा तुम्हाला बोट मोठी!" अकरा वर्षं झाली.

रविवारी बोट कधीच कोरडी झाली होती. पण हातातलं फडकं ठेवलं असतं, तर त्या बाईकडे जावं लागलं असतं.

ते शब्द मी परत घेते, बाबा. हे पत्र आईलाही वाचून दाखवा.

तुमचीच,
इंगा