जरा अक्सोरियस आहे

रवि., ४ जाने. डोंबिवली.
आमच्या मुक्ताला बघायला (हल्ली ‘भेटायला’ म्हणायचं) आंबिवलीची मंडळी आलेली. मुलगा निखिल, त्याची आई आणि ठाण्याचे मामा, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. मुलगा बरा वाटला. पोह्यांतल्या मिरच्या बशीच्या कडेला ओळीने लावून ठेवतो, पण ते चालेल. निघताना दारात चपला घालता घालता मामा माझ्या कानाशी : “मुलगा गुणी आहे हो. जरा अक्सोरियस आहे, इतकंच.” आणि हसले. निखिलच्या आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मामांचा पाय भलत्याच चपलेत गेला. माझ्या.
अर्थ विचारला नाही. वार्ताहर माणूस, विचारणं हाच धंदा. पण एम. ए. संस्कृतने इंग्रजीच्या मास्तरासमोर तोंड वेंगाडायचं? छे.
पुढच्या रविवारी उत्तर कळवायचंय. मु. होकाराच्या बेतात दिसते.

सोम., ५.
सौ.चं, म्हणजे सुनंदाचं निदान : आजार. “थायरॉइडपैकी असेल काहीतरी. सोडा ना.”
मी सोडतोय. फोनवर शब्द सापडेना. ‘ओ’ने सुरुवात केली तर ‘ऑक्स’ निघाला, बैलांची माहिती आली. स्थळ बघतोय की बाजार, कळेना.

मंगळ., ६.
सापडला. ‘यू’ने सुरू होतो. लॅटिनमध्ये उक्सोर म्हणजे बायको. त्यावरून अक्सोरियस, बायकोवर फाजील जीव असणारा, तिच्यापुढे मान तुकवणारा. जुना शब्द, आता क्वचित कोणी वापरतं. बहुधा नाक मुरडूनच. आमच्या संस्कृतात भार्याजित, स्त्रैण. त्याही शिव्याच. मराठीत सरळ ताटाखालचं मांजर. नवऱ्यावर फाजील जीव असलेल्या बाईला मात्र तिन्ही भाषांत शिवी मिळाली नाही. तिची पूजा करतात.
सु.ला अर्थ सांगितला. “मग चांगलंच की! तुम्ही कधी होणार?” आणि लगेच कुकर लावायला गेली. ही बाई इतक्या लवकर समाधान पावत नाही. साधी भेंडी घेताना दहा प्रश्न विचारते. नोंद करून ठेवतो.

बुध., ७.
सकाळी दाढी करताना लक्षात आलं. मामा ‘आहे’ म्हणाले. ‘होईल’ नाही. वर्तमानकाळ!
लग्न न झालेला मुलगा बायकोवेडा कसा असेल? गुणाला आश्रय लागतो. न्यायशास्त्राचे गुरुजी डोंगरावरच्या धुरावरून आग ओळखायला शिकवत. मी वेडावरून बायको ओळखली. ती कुठेतरी आहे, निदान होती.
सु.ला बोललो. “तुम्ही ना, एका ‘आहे’वर माणूस फासावर द्याल.” पण आवाज एक पट्टी खाली.
मु.ला काही बोललो नाही. ती हल्ली गुणगुणते.

शुक्र., ९.
वागळे इस्टेटमध्ये एका बातमीचं काम होतं. तिथून नौपाड्यात मामांकडे. निमित्त : ‘विसरलेले इंग्रजी शब्द’ असं सदर काढतोय. (धादांत खोटं.) मामा खुलले. म्हणाले, या शब्दात माया आणि टोमणा दोन्ही आहे. कुठलं किती, ते बोलणाऱ्याच्या भुवईवर. मी भुवई बघत होतो.
“आणि बायको नसलेल्याला लावता येतो?”
“छे हो! बायको हवीच.”
“मग आमच्या निखिलला कसा लावलात?”
मामांनी बशी खाली ठेवली. “अहो, म्हणजे… ताई म्हणाली तुमच्याकडे सगळं सांगितलंय.”
“कोणाला?”
“चहा निवतोय तुमचा.”

शनि., १०.
दोघींना समोर बसवलं. पत्रकार परिषद भरवणार होतो, पण त्या दोघी एका बाजूला आणि मी एकटा.
मु. : “बाबा, मला माहितीये. निखिलने पहिल्याच भेटीत सांगितलेलं. त्याचं लग्न झालेलं. तिची बदली झाली म्हणून हा चांगली नोकरी सोडून बंगळुरूला गेला. वर्षाने तीच म्हणाली, मला नाही जमत. डिव्होर्स झालाय, रीतसर.”
“आणि तुला?” सु.कडे बघून.
“मलाही माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर मुलगा न बघताच नाही म्हणाला असतात.”
खरं आहे. म्हणून राग जास्त आला. आठवडाभर मी आंबिवलीवर संशय घेत होतो. कट माझ्याच स्वयंपाकघरात शिजत होता.
मग तोऱ्यात म्हणालो, “तरी माझं व्याकरण बरोबर निघालं ना? ‘आहे’ म्हटलं म्हणजे बायको—”
मु. मध्येच : “थांब. मामा ‘आहे’ म्हणाले? आता?”
तेव्हा कळलं मी काय बोललो. बायको गेली. वेड अजून आहे.
जेवताना मु. गुणगुणली नाही.

रवि., ११.
मु. सकाळीच निघाली. ठाण्याला, तलावपाळीवर निखिलला भेटायला. दारात चपला घालताना, पाठमोरीच :
“बाबा, नक्की ‘आहे’? ‘होता’ नाही ना म्हणाले?”
“अगं, दारात गडबड होती… चपलांची. नीट ऐकू नाही आलं.”
वळून बघितलं तिने. “तुला? ऐकू नाही आलं?” हसली थोडी. विश्वास बसला नाही. संशय ती माझ्याकडूनच शिकलीय.
ती गेल्यावर सु. म्हणाली, “ऐकलं होतंत ना?”
“हो.”
“मग?”
मुलगा पोरीला आवडलाय, हे मला वेगळं कोणी सांगितलं नव्हतं. तेवढं मीच ताडलं होतं.
दुपार झाली, मु. अजून परतली नाही. आंबिवलीचा फोन दोनदा वाजून गेला. सु. म्हणते उचला, वाट बघत असतील. म्हटलं, बघू दे. आम्हीही तेच करतोय.