गौरवग्रंथात न जाणारं पान

आदरणीय कुझुमी सेन्सेई,

तुमच्या निवृत्तीनिमित्त गौरवग्रंथ निघतोय. तुमच्या संशोधनाचा माझ्यावर काय प्रभाव पडला ते लिहा, असं संपादकांनी कळवलंय. लिहिते.

मार खाल्लेला उंदीर मारणाऱ्याला चावत नाही, पिंजऱ्यातल्या दुबळ्याला फाडतो. आणि मेंदूतल्या कोणत्या पेशी त्याच्याकडून हे करवून घेतात, ते तुम्ही जगाला दाखवलंत.

दर शरदात, प्रयोगात मेलेल्या उंदरांच्या स्मारकशिळेपुढे तुम्ही शेवंती वाहायचात, डोळे पुसायचात. अशाच एका दिवशी, तिथून परतल्यावर, तुम्हाला माझ्या नोंदीत एक आकडा चुकलेला दिसला. "मेंदू घरी ठेवून येतेस का गं?" म्हणालात आणि अशी कानाखाली वाजवलीत की मी पिंजऱ्यांवर कोसळले. रक्त मीच पुसलं, वाकून माफीही मीच मागितली. तो डावा कान गेला तो गेलाच.

आता सेन्दाईत माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. आज आम्हीही शेवंती वाहून आलो. आल्याआल्या माझ्या विद्यार्थिनीने, नागिसाने, भलताच पिंजरा उघडला. माझा हात कधी उठला, कळलंच नाही. ती टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली, भुवई फाटली. "मेंदू घरी ठेवून येतेस का गं?" मी ओरडले.

रक्त टपकत असतानाच ती वाकली. "चुकलं, सेन्सेई."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, "पाय घसरला." माझा कान गेला तेव्हा मीही डॉक्टरांना हेच सांगितलं होतं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

संपादकांना मी एकच ओळ पाठवलीय: सेन्सेईंनीच मला घडवलं.

तुमची विद्यार्थिनी,
तोरिगोए मित्सुए