तिसऱ्या ओळीची रेती

बाबा, घरांची तिसरी ओळ पाडायची ठरली. बोईसरहून पामकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची, तुम्ही बांधलेली. परवा सोसायटीने इंजिनीअर बोलावला. त्याने एका घरात स्लॅबला हातोडीने ठोकलं आणि गंजलेल्या सळईचे पापुद्रे खाली पडले. "रेती खाडीची, मिठाने सळई खाल्ली. मिस्त्रीने धुतलीच नसणार," तो म्हणाला.

पहिल्या ओळीतल्या साताऱ्याच्या काकू काठी टेकत पुढे झाल्या. "अहो साहेब, धुतली नाही कशी? आमच्या पिंपातलं पाणी संपवायचे. मी भांडलेय त्यांच्याशी! ही त्यांची मुलगी तर रेती चाखून बघायची. विचारा तिला."

"चाखायची? भेळ होती काय?" इंजिनीअर म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले.

त्या वस्तीचा नकाशा कुणी काढला नव्हता. पहिली ओळ विटांची, वर कौलं, कारण पालघरजवळच्या माहीमला तुम्ही तेवढंच शिकला होतात. कारखान्यांत येणारी माणसं वाढली तेव्हा दुसऱ्या ओळीवर पत्रे आले. ती घरं तापायची, म्हणून मागच्या भिंतीत छपराखाली तुम्ही एकाआड एक वीट वगळलीत. त्या फटी अजून आहेत. लोकांनी त्यांत वर्तमानपत्रं कोंबलीत. तिसऱ्या ओळीला प्रथमच स्लॅब, सबंध ओळीवर एकाच दिवशी. रेती तीन पाण्यांनी धुवायची, मग चिमूटभर जिभेवर ठेवायची, खारट लागली तर आणखी एक पाणी, ही तुमची रीत. तुमची जीभ तंबाखूने बधिरलेली, म्हणून ते काम माझ्याकडे. मी पालघरला कॉलेजात साहित्य शिकत होते आणि मला त्याची लाज वाटायची.

स्लॅबच्या त्या मे महिन्यात पाणी कमी आहे. तिसरं पाणी अर्धंच पडलंय. मैत्रिणी उमरोळी स्टेशनवर थांबल्यात. तुम्ही घमेलं पुढे करता. "गोड हाय का बघ." मी चिमूट उचलते, पाठ फिरवते, बोटं तशीच ओढणीला पुसते. "गोड आहे." तुम्ही लगेच बायांना हात करता आणि घमेली वर जाऊ लागतात. माझ्या शब्दावर तुम्ही कधी दुसऱ्यांदा विचारलं नाहीत.

पुढे तुम्ही वारेपर्यंत दर पावसाळ्यानंतर त्या घरांत शिडी लावून पोपडे काढायचात, प्लास्टर भरायचात. सिमेंट खराब आलं असं म्हणायचात. एकदा शिडीवरूनच म्हणालात, "माझं काम असं नाय गं." मी डबा घेऊन खाली उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही खाली उतरलात, हात धुतलेत, जेवलात. मी रिकामा डबा घेऊन घरी आले.

परवा हसणं थांबल्यावर इंजिनीअरने विचारलं, "खरंच चाखायचात?"

"हो."

"आणि या ओळीची?"

"चाखली होती. गोड होती."

काकूंनी काठी आपटली, "बघा!" त्याने मान हलवली आणि कागदावर लिहिलं, न धुतलेली रेती.

हे सगळं खरं तर सोसायटीला लिहून द्यायला हवं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही परत विचारणार नाही. निघताना त्या स्लॅबचा एक तुकडा मी पर्समध्ये टाकला होता, घरी येऊन जिभेला लावायचा म्हणून. दोन दिवस झाले. तो ओट्यावर तसाच आहे.