पोरीले काढाच्या ठरावाले बापाचं अनुमोदन

मु. बोडीटोला, जि. गडचिरोली
दि. २१ सप्टेंबर १९८६

आदरणीय वामनराव भाऊजी आणि आमची मीराबाई यांसी लटारूचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्वे खुशाल. रुखमाचा गुडघा दुखते, पण चालते. बाईचा खोकला कसा आहे? तुमच्या चंद्रपूरच्या ऊर्जानगरात छतावर वाळत घातलेल्या पापडावर अजूनही वीज केंद्राची राख पडते काय? लई दिवस पत्र नाई म्हणून बाई रागावली असेल. कामाच्या गर्दीत राहून गेलं, असं लिहिणार होतो. पण धानाची रोवणी केव्हाचीच संपली, हे तुमाले तिथी बसूनही समजते. खरं म्हणजे लाजेनं लिहिलं नाई.

औंदा मले शाळा समितीवर घेतलं, हे तुमाले माहीत आहे. (मी मागितलं नव्हतं. म्हणजे एकदाच मागितलं होतं.) आपल्या वस्तीतला पहिला सदस्य मी. तेव्हापासून मी धुतलेल्या सदऱ्याशिवाय घराबाहेर पडलो नाई, आणि बकऱ्या चारणाऱ्या पोरांनाही "शाळेत काऊन नाई गेले रे?" म्हणून दटावत राह्यलो. बैठकीत मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, ठराव वाचत, अध्यक्ष देवाजी मान हलवत, आणि मी हात वर करी. सर्वांच्या आधी करी. गुरुजी एकदा म्हणाले, "सदस्य असावा तर लटारूजीसारखा." भाऊजी, माझ्या नावाले जन्मात कोणी 'जी' लावला नव्हता. तिथीच माझा घात झाला.

आता कमळाचं ऐका. ती यंदा नववीत. गुरुजींनी शाळेमागची धानाची बांधी स्वतःसाठी अर्ध्या पिकाच्या बटईनं घेतली, आणि रोवणीच्या दिवसात नववीच्या पोरींचा कार्यानुभवाचा तास त्या बांधीत भरू लागला. एरवी हा तास आठवड्यातून कधीमधी होते. त्या दिवसात मात्र तो प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत चालला. गणित आणि इंग्रजी चिखलातच बुडाले. कमळानं विचारलं, "गुरुजी, बांधी शाळेची आहे का?" गुरुजी म्हणाले, "तोंड बंद, हात चालू." तर पोरींनी हात चालू केले. गुरुजी सावलीत पेपर वाचत बसले होते. सायंकाळी येऊन पाहतात तर पूर्ण बांधीतले पऱ्हे, धानाचे रोपटे, उलटे लावलेले! शेंडे चिखलात आणि पांढऱ्या मुळ्या आभाळाकडे. (ओळी मात्र एकदम सरळ होत्या, हे बाप म्हणून सांगून ठेवतो.) शेजारच्या गावचे लोक सायकली काढून पाहाले आले म्हणतात. मी तेव्हा सासुरवाडीले होतो. परत आलो तर कोण्या पोरींनी बदमाशी केली एवढंच कानावर आलं. कमळा घरी काही बोलली नाई, आणि मीही विचारलं नाई. सदस्य माणूस, घरी कुठी लक्ष राह्यते.

मग बैठक झाली. गुरुजींनी वाचलं की नववीतल्या एका विद्यार्थिनीनं बाकीच्या पोरींना फितवून अन्नाची नासाडी केली, सबब तिचं नाव शाळेतून काढावं. तेवढ्यात गरम भजे आले. मी एका हातानं भजं उचललं आणि दुसरा हात वर केला. तेवढ्यावर राह्यलो असतो तरी चाललं असतं. पण मी उठून भाषण दिलं. म्हणलं, हातचं धान उलटं लावणारी पोर शाळेत ठेवूच नका, तिच्या माय-बापानं तिले काय शिकवलं, माझं या ठरावाले अनुमोदन आहे! देवाजी माझ्याकडे पाहतच राह्यला. मग गुरुजींनी नाव वाचलं. कुमारी कमळा लटारू.

भाऊजी, इथपर्यंत हसा. पुढलं मी रुखमालेही सांगितलं नाई. नाव ऐकलं तेव्हा माझा हात वरच होता. खाली घ्याले वेळ होता. देवाजी हळूच बोलला पण, "लटारू, पाहा बावा, विचार कर." मले वाटलं, आता हात खाली घेतला तर लोक म्हणतील, पाहा, हे लोक सदस्य झाले की आपलंच पाहतात. म्हणून मी हात तसाच ठेवला. मोठा न्यायी माणूस म्हणून ठेवला. घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. कमळानं एवढंच विचारलं, "बाबा, तुमी हात वर केला?" मी म्हणलं, बैठकीची पद्धत राह्यते, तुले समजणार नाई. ती रडली नाई. सकाळी विळा घेऊन मायसंग बांधीतलं गवत निंदाले गेली. आपल्या घरात शाळा सोडून बांधीत गेलेली ती पहिली पोर, आणि तिले तिथी मी धाडलं.

शेवटी चैतूनं, तोच तो आमचा पोस्टमन, सांगितलं की वर अपील होते. मग कमळाले घेऊन गडचिरोलीले गेलो. वाटेत तिले पढवलं की हात जोडायचे, चूक झाली म्हणायचं. शिक्षणाधिकारी साहेबांनी अर्ज पाहिला, ठराव पाहिला, पुन्हा अर्ज पाहिला. म्हणाले, "अपील करणारा लटारू आणि अनुमोदन देणारा लटारू, दोन माणसं आहेत का?"

मी म्हणलं, "एकच आहे साहेब. तेव्हा सदस्य होतो, आता बाप आहो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी घाबरून बोलत सुटलो, "साहेब, पोरीले अक्कल कमी आहे, धानाची मुळी कुठी आणि शेंडा कुठी, तिले समजत नाई."

"समजते साहेब," कमळा म्हणाली. "म्हणून तर एकही सरळ लागला नाई."

मग तिनं सारं सांगितलं. बुडालेलं गणित, सावलीतला पेपर, सारं. हात जोडले नाई. साहेबांनी विचारलं, नाव काढायच्या आधी पोरीला कोणी विचारलं होतं का? कमळानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. साहेबांनी हुकूम दिला की पोरीचं म्हणणं न ऐकता केलेला ठराव चालणार नाही, पुन्हा बैठक घ्या, तोवर ती वर्गात बसेल, आणि बापानं मत द्यायचं नाही. (हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.)

दुसऱ्या बैठकीत मी व्हरांड्यात बसून होतो. आतून कमळाचा आवाज येत होता, खणखणीत. मग देवाजीनं विचारलं, "गुरुजी, बांधी कोणाची?" गुरुजी लई वेळ खोकलले. ठराव रद्द झाला. आता पोरी दिवसभर वर्गात बसतात. मी समितीचा राजीनामा दिला, तो मात्र एकमतानं मंजूर झाला.

सर्वांना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
लटारू

ता.क. — पत्राचं खरं कारण हे की दिवाळीनंतर कमळाले तुमच्याकडे राहून शिकायचं आहे. गुरुजी तिच्याशी बोलत नाई आणि ती माझ्याशी. मी लिहितो म्हणून मायच्या तोंडून तिले कबूल केलं होतं, लिहिलं. पण भाऊजी, तुमी 'क्वार्टरात जागा नाई' म्हणून कळवा. पोर घरातून गेली तर मग कधी बोलणार?

ता.क. दुसरा — वरचं वाचू नका. पत्र बंद करता करता ध्यानात आलं की पोरीले न विचारता मी पुन्हा तेच करून राह्यलो. जागा असेल तर हो म्हणा. मीच पोचवाले येतो. गडचिरोलीपासून चंद्रपूरपर्यंत एष्टीत तिच्या बाजूले बसावं लागेल. पोरीची माफी कशी मागतात, हे तुमाले ठाऊक असेल तर उलट टपाली लिहा. मीराबाईले विचारून लिहा.