तीन मिनिटं दहा सेकंद

बागबाजार, कलकत्ता
१२ जून १९४९

तीर्थरूप वहिनींना,
भालचंद्रचा साष्टांग नमस्कार.

मायना लिहिताना बराच वेळ थांबलो. इतकी वर्षं 'ती. सौ. वहिनी' लिहायची सवय. आता त्या जागी जे लिहितात ते लिहवलं नाही, म्हणून नुसतं 'वहिनी' ठेवलं आहे. राग मानू नये.

दादांचं तेरावं आटोपून मी गेल्या रविवारी इथे पोचलो. सोमवारपासून डमडमला कामावर जातो आहे. प्रकृती ठीक आहे. घरमालक श्यामराव आणि त्यांच्या घरच्यांनी तुमची चौकशी केली. फेब्रुवारीत दादा इथे पंधरा दिवस राहिले होते, त्यांची आठवण सगळे काढतात. समोरच्या घरातली म्हातारी नातवाला झोपवताना मराठ्यांचं भय घालते, हे ऐकून दादा म्हणाले होते, "दोनशे वर्षांपूर्वी लुटायला आलेले, आज भाडेकरू म्हणून आलेत, सांगा तिला." श्यामराव हे अजून सांगतात आणि हसतात.

निघताना तुम्ही रेकॉर्डबद्दल विचारलंत. दादांनी फेब्रुवारीत आमच्या कंपनीत येऊन तोडीची चीज म्हटली, ती रेकॉर्ड जूनमध्ये निघेल असं त्यांनीच तुम्हाला सांगितलं होतं. मी चौकशी करून कळवतो म्हणालो होतो. कारखान्यात सध्या काम तुंबलं आहे. कळवीन.

लीनासाठी मातीची बाहुली पाठवली आहे. बहुधा वाटेत फुटणार नाही.

आपला,
भालचंद्र


बागबाजार
१० जुलै १९४९

तीर्थरूप वहिनींना नमस्कार.

पत्र पोचलं. शेजाऱ्यांनी तुम्हाला ग्रामोफोन वापरायला दिला आहे आणि लीना रोज त्यावरचं फडकं काढून पुन्हा घालते, हे वाचलं. रेकॉर्डचं अजून काही सांगता येत नाही.

त्या दिवशीच्या पाण्याबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे तेही वाचलं. त्याचं उत्तर आज देत नाही, पुढे देईन.

तुम्ही आणखी एक विचारलं आहे, की मी व्हायोलिन का सोडलं, हे दादांना शेवटपर्यंत उमगलं नाही, तुम्हाला तरी सांगावं. ते सांगतो.

नागपूर सोडलं तेव्हा मी अकरा वर्षं दादांच्या मागे बसून साथ केली होती. इथे कंपनीच्या वाद्यवृंदात लागलो. एके दिवशी आमच्या रेकॉर्डिस्ट साहेबांना नवं यंत्र तपासायचं होतं. कुणीतरी काहीतरी वाजवायला हवं होतं, म्हणून मला एकट्याला बसवलं. वाजवून झाल्यावर त्यांनी ते मला ऐकवलं. मी पहिल्यांदाच स्वतःला बाहेरून ऐकत होतो. वहिनी, ते दादा होते. आलापात ते जिथे श्वास घेत तिथे मीही थांबत होतो, आणि व्हायोलिनला श्वास लागत नाही. अगदी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं. माझं म्हणावं असं त्यात काही सापडलं नाही.

वाईट वाटलं असं नाही. खात्री झाली एवढंच. पण त्याच वेळी मी साहेबांना सांगितलं, की मायक्रोफोन हातभर डावीकडे घेतला तर तारेची कर्कश धार कमी होईल. त्यांनी घेतला. झाली. दुसऱ्या महिन्यापासून मी काचेच्या आतल्या बाजूला बसायला लागलो, यंत्रापाशी. लोक गातात, मी काटा बघतो. हे काम मला येतं.

दादांना कळवलं तेव्हा त्यांचं एका ओळीचं कार्ड आलं, "मिस्त्री झालास, अभिनंदन." त्यानंतर दोन वर्षं पत्रं तुम्हीच लिहीत होता.

पावसानं गल्लीत पाणी साचलं आहे. बाकी ठीक.

आपला,
भालचंद्र


बागबाजार
२८ ऑगस्ट १९४९

तीर्थरूप वहिनी,

तुमची दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. आज सगळं लिहितो. हे पत्र लीना झोपल्यावर किंवा शाळेत गेल्यावर वाचा.

रेकॉर्ड निघणार नाही. कंपनीचा दोष नाही. ती मी घालवली.

आमच्याकडे गाणं मेणाच्या जाड तबकडीवर कोरलं जातं. त्या मेणावरून पुढे धातूचा साचा करतात आणि साच्यावरून रेकॉर्डी. मेणावर एकदा सुई फिरवून ऐकलं, की कोरलेलं खरवडतं आणि साचा करण्याजोगं राहत नाही. म्हणून चांगलं उतरलेलं मेण आम्ही कधीच ऐकत नाही. भिंगातून बघतो आणि पाठवून देतो. या खात्यात शिकायची पहिली गोष्ट हीच.

त्या सकाळी साहेब रजेवर होते, यंत्रावर मी एकटा होतो. दादा दोनदा गायले. पहिल्या वेळी मधल्या तानेत त्यांचा दम तुटला. दुसऱ्या वेळी नीट उतरलं. तिसऱ्यांदा गाण्याची ताकद त्यांच्यात नव्हती, ते मला काचेतून दिसत होतं. वाजवणारे चहाला गेले आणि दादा आत माझ्याकडे आले. स्टुलावर बसले. बराच वेळ नुसते श्वास घेत होते.

मग म्हणाले, "मिस्त्री, काय धरलंय ते ऐकव."

मी म्हटलं, "ऐकवता येत नाही, दादा. ऐकवलं की संपलं."

"मग नीट आलंय ते तुला कसं कळलं?"

"काट्यावरून. आणि भिंगातून."

"म्हणजे गाणं डोळ्यांनी बघतोस. छान." मग त्यांनी विचारलं, "रेकॉर्ड कधी निघेल?"

"जूनमध्ये."

"जून," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघत राहिले.

त्यांनी असं का बघितलं हे तुम्हाला कळण्यासाठी आणखी एक सांगितलं पाहिजे. रेकॉर्डचं सांगायचं मी टाळत होतो, ते खरं यासाठी.

त्याच्या आदल्या आठवड्यात दादा आमच्या जिन्यात बसले होते. दोन मजले चढवेनात. मी त्यांना श्यामरावांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हृदयाची झडप कित्येक वर्षांपासून खराब होत आली आहे, आता औषधानं काही होण्यासारखं नाही. गाणं सोडून अंथरुणावर पडून राहिले तर कदाचित वर्ष. नाहीतर काही महिने. दादांनी हे शांतपणे ऐकलं. वाटेत ट्रॅममध्ये मला म्हणाले, "शकूला लिहायचं नाही. लिहिलंस तर ती मला बाजेवरून उठू देणार नाही, आणि मी बाजेवर वर्ष काढणारा माणूस नव्हे." मी शब्द दिला. दादांचं ऐकायची मला अकरा वर्षांची सवय होती.

तेव्हा वहिनी, ते गेले त्या सकाळी तुम्ही त्यांना विहिरीवरून दोन कळश्या आणायला सांगितलं त्यानं काही झालेलं नाही. ते त्याच्या तीन महिने आधीच ठरलेलं होतं, आणि ते मला माहीत होतं. 'अचानक गेले' असं तेराव्याला प्रत्येक जण म्हणत होता, मीही त्यात बसून मान हलवत होतो. जुलैच्या तुमच्या पत्रात त्या कळश्यांचं वाचलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात आणि मी सात आठवडे तो देऊ दिला. दादांना दिलेला शब्द हे कारण पुरेसं नाही. मला तुमची भीती वाटत होती.

दादा माझ्याकडे बघत होते तेव्हा मला एवढंच वाटलं, की जूनमध्ये ऐकायला ते नसतील. जन्मभर गायलेल्या माणसानं स्वतःचं गाणं एकदाही ऐकलेलं नव्हतं. मी ऐकलं होतं स्वतःला, आणि काय ऐकू आलं ते तुम्हाला लिहिलंच आहे. त्यांनीही ऐकावं असं वाटलं. तुम्ही आणि लीना तेव्हा माझ्या मनात आला नाहीत, हे खरं सांगतो. मी दुसऱ्या मेणावर सुई ठेवली.

दादा मान खाली घालून, गुडघ्यावर बोटानं ताल धरून बसले. संपल्यावर म्हणाले, "शेवटची तान घाईची झाली." मग उठताना म्हणाले, "बाकी बरा गात होता रे माणूस."

साहेब परत आल्यावर मी दोन्ही मेणं बिघडल्याचं सांगितलं. ती रिवाजाप्रमाणे तासली गेली. त्यांच्यावर आता दुसऱ्या कुणाची गाणी असतील.

ती चीज दादांनी याच हिवाळ्यात बांधली होती. तुम्ही घरात तुकड्यातुकड्यानं ऐकली असेल, पण कुणाला शिकवली नव्हती. गेल्या महिन्यात मी माळ्यावरून व्हायोलिन काढलं. तारा गेल्या होत्या, चितपूर रोडवरून नव्या आणल्या. रोज कामावरून आल्यावर बसतो. पहिले काही दिवस बोटं वळत नव्हती. आता वळतात. काल घड्याळ समोर ठेवून वाजवलं. तीन मिनिटं दहा सेकंद झाली. मेणावरही तेवढीच होती. श्वासाच्या जागा येतात. शेवटची तान घाईची होते. ती तशीच ठेवली आहे.

त्यात माझं काही नाही, याची खात्री मला पूर्वीच झालेली आहे.

कंपनीत दिवाळीला आठ दिवस रजा मिळते. तुम्ही 'या' म्हणालात तर व्हायोलिन घेऊन येईन. लीनाला ऐकवून लगेच परत फिरेन, हवं तर तुम्ही आतल्या खोलीत बसा. उत्तर आलं नाही तर येणार नाही, आणि तुमचं काही चुकलं असंही मानणार नाही.

ग्रामोफोन शेजाऱ्यांना परत करावा.

अजून भावजी म्हणावंसं वाटलं तर तुमचा,
भालचंद्र