राजाची अडीच घरं

बाबा, आज फार थकली हो मी. ब्रह्मपुरीला मुलींना बुद्धिबळ शिकवते, तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आत्ताच घरी आली. वर्गात एका पोरीनं राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला. बाकीच्या खो खो हसल्या. "कोणं शिकवलं तुले?" विचारलं, तर म्हणे, "माह्या आजानं." मग मला पुढचं शिकवणं सुधरलंच नाही.

चामोर्शीच्या राइस मिलच्या ओट्यावर तुम्हीही मला असंच शिकवलं होतं. आपल्याकडच्या डावात शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्याची चाल असते. "राजाले बी एक डाव पळाची मुभा पायजे ना, बेटा!" म्हणत तुम्ही हसायचे. स्पर्धेचे नियम मी पुढं शाळेत शिकली, पण हात ओट्यावरचाच राहिला.

मग ती राष्ट्रीय स्पर्धा. शेवटचा डाव जिंकला की परदेशी जाणाऱ्या संघात नाव लागणार. जिंकत आलेला डाव आहे, घड्याळ पळतंय, समोरून मात येताना दिसते. हत्ती आडवा घातला तरी भागतं. आणि माझा हात राजाला उचलून अडीच घरं पलीकडं ठेवतो. पंच म्हणाले, ही चाल चालत नाही. राजाला हात लावला, आता राजाच हलवा. एकच घर मोकळं होतं, तिथं मात झाली.

तुम्ही हॉलबाहेर माझ्यासाठी डबा उघडून बसले होते. ऐकलं आणि झाकण लावलं. "माह्यामुळं हारली तू," एवढंच म्हणाले. त्यानंतर मिलवरचे लोक हाका मारून थकले, पण तुम्ही पटाला हात लावला नाही, माझ्यासोबतसुद्धा नाही. हरल्याचं दुःख मला चार दिवस होतं. तुमच्या न खेळण्याचं अजून आहे. रागही येतो, खरं सांगते. अहो, संघातलं नाव गेलं तर गेलं, घरात खेळायला माणूस तर पाहिजे होता ना!

त्या पोरीला आज नियम सांगितला, तो सांगावाच लागतो. सगळ्या गेल्यावर मात्र म्हटलं, "आजासंग खेळशीन तवा खुशाल उडव राजाले."

तुम्ही तर गेले, आता हे पत्र कुठं टाकणार? सोंगट्यांच्या डब्यात ठेवते. आणि एक सांगते, बाबा. घरी एकटीच पट मांडते तेव्हा तुमच्या बाजूनंही मीच खेळते, आणि तुमच्या राजाला अजून पळू देते.